अळणी कावड

खोलेवाडीच्या कावडीला मीठ चालत नाही.

चैत्रात कृष्णेचं पाणी तांब्याच्या दोन घागरींत भरायचं, त्या घागरी कळकाच्या काठीला दोन्ही टोकांना बांधायच्या, काठी खांद्यावर घ्यायची आणि विटा, मायणी, दहिवडी करत शिखर शिंगणापूरच्या महादेवाला पाणी पोचवायचं, अशी गावाची रीत आहे. वाटेत कावड जमिनीला टेकवायची नाही. थांबायचं झालं तर ती झाडाच्या फांदीला अडकवायची. आणि ज्या घराचा मान असेल त्या घरच्या माणसानं घागरी भरल्यापासून पाणी पिंडीवर पडेपर्यंत अळणी खायचं. भाकरी अळणी, आमटी अळणी, ताकसुद्धा नुसतं. बाकीच्यांना बंधन नाही. त्यामुळे दुपारी सावलीला पंगत बसली की मानकऱ्याच्या शेजारचा माणूस लोणच्याची फोड मुद्दाम मचामचा चोखतो. हेही आता रीतीतच धरलं जातं.

यंदा चोखणारा गुंडा होता आणि ऐकणारा जयराज.

"काय फोड हाय गड्या! आंबा न्हाई, अमृत हाय," गुंडा डोळे मिटून म्हणाला.

"खा, खा. घशात कोय अडकू दे," जयराज म्हणाला.

"फोडीला कोय नसती रं. मीठ न खाल्ल्यानं डोकं चालंना झालं का काय तुजं?"

सगळे हसले. जयराजही हसला, पण त्याच्या हातातला घास तिथंच थांबला. डोक्याचा विषय त्याला नकोसा व्हायचा. त्याला कारण होतं, आणि ते कारण या पंगतीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

जयराज पूर्वी पुण्याला एका कंपनीत होता. दोन वर्षांपूर्वी एकाएकी त्याची झोप उडाली, आणि झोप उडाल्याचं त्याला वाईटही वाटेना. अंगात दहा माणसांचं बळ आल्यासारखं झालं. दिसेल त्याच्याशी तो बोलत सुटला. एक दिवस गच्चीवर उभं राहून त्यानं खालच्या लोकांना सांगितलं की महादेवानं त्याला एका कामावर नेमलं आहे आणि ते काम लवकरच कळेल. मित्रांनी त्याला गावी आणून सोडलं. मग भरती ओसरावी तसं ते सगळं ओसरलं, आणि इतकं ओसरलं की पुढचे कित्येक महिने तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मिरजेच्या डॉक्टर सबीना मॅडमनी त्या आजाराला नाव दिलं आणि साध्या शब्दांत समजावून सांगितलं. काही माणसांचं मन कधी फार वर चढतं, कधी फार खाली उतरतं. रोजच्या गोळीनं ते मधल्या उंचीवर राहतं. मधुमेहाची गोळी जशी चुकवायची नाही, तशीच हीही चुकवायची नाही. जयराजनं ती चुकवली नाही. हळूहळू तो उठला, गावातच उसाच्या रोपांची नर्सरी घातली, आणि आता चार गावांचे लोक त्याच्याकडून रोपं न्यायचे.

गावाला मात्र वडिलांनी सांगितलं होतं की पोराला कावीळ झाली होती.

वडील म्हणजे लालासाहेब, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. त्यांनी एकदा कावीळ म्हटल्यावर ती कावीळच झाली. मग गावानं काविळीवरचे उपायही पाठवले. कुणी उसाचा रस आणला, कुणी झाडपाल्याचा कडू रस आणून समोर उभं राहून प्यायला लावला. न झालेल्या आजाराची औषधं जयराजनं मुकाट्यानं घेतली, आणि झालेल्या आजाराची गोळी दार लावून घेतली.

यंदा मान त्यांच्या घराचा होता. लालासाहेबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, म्हणून जयराजनं जायचं ठरलं. निघण्याआधी तो मिरजेला जाऊन मॅडमना विचारून आला.

"चालत जाऊ का, मॅडम?"

"का नाही? जा की. पाणी भरपूर पी, उन्हाचं जपून चाल, झोप मोडू नकोस, गोळी चुकवू नकोस आणि जेवण नेहमीचं ठेव."

जेवण नेहमीचं ठेव म्हणजे उपाशी राहू नको, असं तो समजला. अळणीचा विषय त्यानं काढलाच नाही. एवढ्या शिकलेल्या बाईंना असल्या गोष्टी काय सांगायच्या, असं त्याला वाटलं. आणि तो तर उपाशी राहणारच नव्हता. दोन वेळा भाकरी होतीच की.

लालासाहेबांनी निरोप देताना त्याला बाजूला घेतलं. "गोळी टाइमावर घे. पण कुणाम्होरं घिऊ नको. आपली बात आपल्यातच राहिली पायजे. लोकांच्या तोंडाला दार नसतंय. समजलं?"

"व्हय, आण्णा."

विट्यापर्यंत सगळं छान चाललं. पंधरावीस माणसं, पुढं हलगी, मागं शिध्याचा टेंपो, टेंपोत स्वयंपाकाच्या बनुबाई. कावड खांद्यावर घेणारा दमला की नुसतं "खांदा" म्हणायचा, आणि जवळ असेल तो पुढं होऊन काठीखाली शिरायचा. घागरीतलं पाणी डचमळायचं, पण चाल थांबायची नाही. सगळ्यांचा म्होरक्या बिराप्पा. सत्तरीला आलेला, अंगानं काटक, बोलायला तुटक. त्याला सगळे आबा म्हणायचे. रस्ता कुठं सोडायचा, कुठं थांबायचं, आरती कुणाच्या दारात घ्यायची, हे सगळं आबाच्या मनानं.

जयराजला चालायचा आनंद होत होता. नर्सरीत दिवसभर वाकून काम करणाऱ्याला मान वर करून चालायला मिळालं की बरंच वाटतं. उसाचा हिरवा पट्टा मागं पडला, माळ सुरू झाले, बाभळी आल्या, मेंढरांचे कळप आडवे गेले. संध्याकाळी तोंड धुण्याच्या निमित्तानं बाजूला जाऊन तो गोळी घ्यायचा आणि येऊन झोपायचा. आपण इतरांसारखेच आहोत असं त्याला फार दिवसांनी वाटत होतं.

मायणी मागं पडल्यावर त्याचे हात थरथरायला लागले.

आधी अगदी थोडे. पाण्याचा तांब्या तोंडाला लावताना काठ दाताला लागला. उन्हानं असेल, तो मनाशी म्हणाला, आणि आणखी पाणी प्याला. दुपारी मळमळायला लागलं. भाकरी पुढं आली की पोट ढवळायचं. घायपाताच्या आड जाऊन तो ओकून आला, तोंड धुतलं, आणि काहीच झालं नाही अशा तोंडानं पुन्हा रांगेत मिसळला.

बनुबाईंच्या नजरेतून मात्र काही सुटत नसे. "जयराज, भाकरी तशीच राहिली की रं."

"भूक न्हाई, काकी."

"भूक न्हाई म्हंतोस आन् त्वांड तर बग कसं उतरलंय. अळणी गिळवत न्हाई व्हय? गूळ देऊ का जरा?"

"नको, काकी. दमलोय नुसता."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाय नीट पडेनात. रस्ता सरळ असून तो तिरका जात होता. बोलायला गेलं की जीभ जड, शब्द तोंडातच घोटाळायचे. त्यानं बोलणंच बंद केलं. खरं तर त्याच्या मनात एक शंका येऊन गेली होती की हे गोळीचं तर काही नाही ना. पण कुणाला विचारायचं? फोन करायचा तर मॅडमशी सगळ्यांच्या देखत बोलावं लागणार. आजचा दिवस काढू, उद्या बघू, असं म्हणत तो चालत राहिला. आपलं गुपित सांभाळणारा माणूस असाच एकेक दिवस पुढं ढकलत असतो.

दहिवडीच्या अलीकडं एका वाडीत कावडीची आरती होती. लिंबाच्या झाडाखाली बायका ताटं घेऊन उभ्या होत्या. कावड फांदीला लावली, हलगीनं जोर धरला, "हर हर महादेव"चा गजर झाला. मानकरी म्हणून जयराजच्या हातात आरतीचं ताट दिलं, आणि ते ताट खडखडा वाजायला लागलं. निरंजन कलंडलं. त्याचे हात कोपरापासून हलत होते, मान हलत होती, गुडघे मोडत होते. कुणीतरी ताट घेतलं आणि कुणीतरी ओरडलं,

"आलं! अंगात आलं!"

हलगीवाला भान हरपून वाजवायला लागला. माणसं बाजूला सरली, मध्ये गोल झाला. जयराजला धरून लिंबाच्या बुंध्याशी बसवलं. कपाळाला भस्म लागलं, गळ्यात बेलाची माळ पडली. सिद्धू नावाचा एकजण होता, नेमधर्माला फार जपणारा. कोण पायात चप्पल घालतो, कोण आंघोळीशिवाय कावडीला शिवतो, यावर त्याचा डोळा असायचा. तोसुद्धा जयराजच्या पायावर डोकं टेकवून म्हणाला, "धा वरसांत पैल्यांदा आपल्या कावडीला देवानं दर्शन दिलं!"

एक म्हातारी पुढं आली. "देवा, माज्या नातवाला भरतीत घेतील का रं? दोनदा माघारी आलाय छातीवरनं."

जयराज तिच्याकडं बघत राहिला. डोळ्यांपुढं सगळं हलत होतं, पण आतून त्याला स्वच्छ समजत होतं. गप्प बसलं तरी चालणार होतं. नुसतं मान हलवली असती तरी म्हातारी समाधानानं घरी गेली असती. ज्या गावाच्या नजरेला तो दोन वर्षं चुकवत आला, ते गाव आता त्याच्या पाया पडत होतं. यापुढं त्याच्या कुठल्याही वागण्याला कुणी नाव ठेवलं नसतं. देवाचा माणूस म्हणून सगळं खपून गेलं असतं.

पण देव आपल्याशी बोलतो आहे असं वाटणं म्हणजे काय, हे त्या गोलातल्या कुणाहीपेक्षा त्याला जास्त माहीत होतं. पुण्याच्या गच्चीवर ते वाटलं होतं, आणि त्याचं पुढं काय झालं तेही त्यानं भोगलं होतं. आज तसं काही वाटत नव्हतं. आज फक्त भीती वाटत होती, आणि हात थांबत नव्हते. आपण इथंच बसून राहिलो तर हे लोक हलगी वाजवत राहतील आणि आपण मरू, असं त्याला वाटलं.

त्यानं गर्दीत गुंडा शोधला. गुंडा पाया पडला नव्हता. तो तोंड वासून बघत होता.

"गुंडा," जयराज म्हणाला. जीभ वळत नव्हती, म्हणून तो एकेक शब्द सुटा करून बोलला. "द्येव न्हाई. मी आजारी हाय. मला डोक्याचा आजार हाय. पिशवीत गोळ्या हाईत. दवाखान्यात न्या मला."

हलगी थांबली.

सिद्धू पायापासून उठून मागं सरकला.

"काय म्हनला? डोक्याचा?"

"आरं ऐकाय नाय आलं व्हय तुला?" गुंडा त्याला ढकलून पुढं आला. "दवाखान्यात न्या म्हंतोय त्यो. आबा, टेंपो!"

बिराप्पाआबानं एक क्षण जयराजकडं बघितलं. मग वाकून त्याच्या गळ्यातली बेलाची माळ काढली आणि म्हणाला, "धरा त्याला. बनुबाई, भांडी उतरवा. कावड हितंच ऱ्हाऊ द्या, आमी बसतो हितं."

दहिवडीच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर वयानं लहान होत्या. नाव संयोगिता. त्यांनी गोळ्यांची पट्टी बघितली, जयराजला बोटानं नाकाला शिवायला सांगितलं, ते त्याला जमेना. "लघवीला होतंय का? उलट्या किती? जेवताय काय?" असे प्रश्न भराभर विचारले. जेवताय काय याचं उत्तर बनुबाईंनी दिलं.

"ज्वारीची भाकरी, डाळीची आमटी. पर समदं अळणी. मानकरी हाय न्हवं त्यो."

डॉक्टरांचा हात थांबला. "अळणी? किती दिवस?"

"निघाल्यापासनं की."

मग घाई झाली. रक्त घेतलं, ते साताऱ्याला पाठवायची व्यवस्था झाली, हाताला सुई लागली, सलाइन सुरू झालं. डॉक्टर बाहेर जाऊन मिरजेला सबीना मॅडमशी फोनवर बोलून आल्या. आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा कमी झाला होता. खुर्ची ओढून त्या बसल्या आणि सगळ्यांना समजेल असं सांगायला लागल्या.

"या गोळीतलं औषध हेही एक प्रकारचं मीठच असतं. आपण जेवणातून खातो ते मीठ आणि हे, दोन्ही मूत्रपिंडातून बाहेर जातात. जेवणातलं मीठ येणं बंद झालं, वर अंगात होतं तेही घामातून गेलं. मग मूत्रपिंड जे मिळेल ते धरून ठेवायला लागलं. त्याला या दोन्हींतला फरक नीट कळत नाही. त्यानं औषधच धरून ठेवलं. रोज गोळी आत जात होती, बाहेर मात्र पुरती पडत नव्हती. साचत गेली. थरथर, उलट्या, जीभ जड होणं, सगळं त्याचंच."

"म्हंजी माज्या भाकरीनं घात केला की!" बनुबाईंनी कपाळाला हात लावला.

"भाकरीनं नाही हो, मावशी. भाकरीत जे नव्हतं त्यानं केला."

"वाचंल न्हवं त्यो?" गुंडानं विचारलं.

"वेळेवर आणलंत. वेळेवर सांगितलंत," डॉक्टर म्हणाल्या. हे दुसरं वाक्य त्या जयराजकडं बघून म्हणाल्या. "आणखी दिवसभर चालला असतात तर अवघड होतं. आता गोळी बंद. रिपोर्ट आला की मॅडम सांगतील पुढचं. झोपा आता."

जयराज झोपला. गुपित सांभाळायचं नसलं की झोप किती गाढ लागते हे त्याला माहीतच नव्हतं. उठला तेव्हा खिडकीतून दुसऱ्या दिवसाचं ऊन आलं होतं. त्यानं हात वर धरून बघितला. थरथर होती, पण खुळखुळ्यासारखी नव्हती. वाऱ्यानं पान हलावं तेवढीच. शेजारी स्टुलावर गुंडा बसल्या बसल्या घोरत होता.

"गुंडा."

"आं?" गुंडा दचकून उठला. "काय होतंय?"

"काय न्हाई. भूक लागलीया."

गुंडा त्याच्याकडं बघत राहिला आणि मग एकदम हसायला लागला. हसता हसता त्यानं डोळे पुसले. "कालपासनं जीव टांगणीला लावलास माजा आन् म्हंतोय भूक लागलीया! मला सांगायचंस की रं आदी. मी काय खाल्लं असतं व्हय तुला?"

"भ्या वाटत हुतं."

"माजं?"

"समद्यांचंच."

"आरं, माज्या थोरल्या भावाला फिट येत्यात. मी त्याच्या तोंडात चप्पल कोंबत हुतो ल्हानपनी, आन् डाक्टरनं एकदा मलाच हाणलंय त्याबद्दल. मला सांगतोस आजार!"

दुपारी सगळी मंडळी आली. कावड दवाखान्याच्या फाटकाबाहेरच्या लिंबाला अडकवली होती. शिंगणापूरच्या जत्रेला अजून अवकाश होता, त्यामुळे उशीर झाला नव्हता. पण मंडळींत दोन तट पडले होते, आणि सिद्धू खोलीत शिरल्या शिरल्याच बोलला.

"बरा हाईस हे लय बेस झालं. पर आबा, आता मानाचं काय? नेम मोडला. ह्या बाटलीत काय असतंय ठावं हाय का? मी भाईर नर्सबाईला इचारलं. मिठाचं पानी असतंय. म्हंजी मानकऱ्यानं मीठ खाल्लं."

"खाल्लं कुठं?" गुंडा उसळला. "तोंडातनं गेलं का? दंडातनं गेलंय! दंडानं कोन जेवतंय व्हय?"

"कुटनं बी जाऊ दे. आत गेलं का न्हाई?"

"मग तुज्या पाठीला मीठ चोळलं तर तुजा उपास मोडंल का?"

"आन् दुसरं," सिद्धू आवाज खाली आणून म्हणाला, "ह्यो असला आजार. कावडीला हात लावायचा..."

त्यानं वाक्य अर्धवट सोडलं, कारण दारात लालासाहेब उभे होते.

बनुबाईंच्या फोनवरून त्यांना कळलं होतं, आणि ते मिळेल त्या गाडीनं आले होते. गुडघे आखडलेले, टोपी हातात. त्यांनी आधी पोराकडं पाहिलं. पोरगा बसलेला, डोळे स्वच्छ. त्यांनी एक मोठा श्वास सोडला आणि भिंतीला हात टेकला.

सिद्धूनं मान फिरवून विचारलंच. "सुभेदार, तुमी तर कावीळ म्हनला हुता."

जयराजनं डोळे मिटून घेतले. आता आण्णा काय सांगणार? आणखी एक कावीळ?

"खोटं बोललो," लालासाहेब म्हणाले. "भ्यालो हुतो. सरहद्दीवर न्हाई भ्यालो एवढा ह्याला भ्यालो. त्याला मीच सांगिटलं, गोळी लपवून खा म्हनून. नसतं सांगिटलं तर ह्यानं मॅडमला अळणीचं इचारलं असतं, तुमाला बी हात थरथरतोय म्हनला असता. काय बोलायचं ते मला बोला. पोराला न्हाई."

बनुबाई उठल्या आणि लालासाहेबांना स्टूल दिलं.

आता सगळे बिराप्पाआबाकडं बघायला लागले. तोच काय ते ठरवणार होता. आबा खिडकीशी उभा होता. बाहेर लिंबाला अडकवलेल्या घागरींवर ऊन पडलं होतं, तिकडं बघतच तो बोलला.

"दंडातनं गेलं म्हनून चालतंय, असं आपुन म्हादेवाला सांगायचं न्हाई. मीठ गेलं त्ये गेलं. आन् त्याला लागतंय तर उद्या बी जाईल, परवा बी जाईल. पर काल त्या वाडीत बाया पाया पडत हुत्या त्याच्या. गप बसला असता तर आपुन त्याला देव म्हनून वर न्हेला असता. त्यो म्हनला, मी द्येव न्हाई, आजारी हाय. ज्येला एवढं खरं बोलवतंय त्येच्या हातचं पानी न्हाई चाललं तर कुनाच्या हातचं चालायचं? मान त्याचाच."

"आन् अळणीचा नेम?" सिद्धूनं पुन्हा विचारलं. आवाज मात्र बराच नरम होता.

"त्यो बी मोडायचा न्हाई. पानी पडंपतूर आपल्यातल्या एकानं अळणी खाल्लं म्हंजी झालं. कोन खानार?"

कुणी नखं बघायला लागलं, कुणी पंखा. परवापर्यंत लोणच्याची फोड चोखणारा गुंडासुद्धा खिडकीबाहेर काहीतरी शोधायला लागला.

आबानं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती सिद्धूवर आणून ठेवली. "तुला नेमाची लय काळजी हाय. तूच खा."

"मी?"

"तू."

आधी बनुबाईंना हसू फुटलं, मग गुंडाला, आणि मग ते खोलीभर पसरलं. नर्सबाई दारात येऊन ओरडून गेली. सिद्धू लाल झाला, पण नाही म्हणायला त्याला जागा नव्हती. "खातो की," तो म्हणाला. "खातो. मी काय भितोय व्हय अळणीला!" आणि जरा थांबून, "पर गुंडाला माज्या शेजारी बसवू नका."

गुंडा शेजारीच बसला हे सांगायला नको.

डॉक्टरांनी जयराजला आणखी एक दिवस ठेवून घेतलं. रिपोर्ट आला, मिरजेशी बोलणं झालं. गोळी सध्या बंदच ठेवायची, मंगळवारी मिरजेला येऊन मॅडमना दाखवायचं, चालायचं नाही, चढायचं नाही. गाडीनं वर जाऊन देवाला पाणी घालायला हरकत नाही, पण मीठ घातलेलं जेवूनच, अशी त्यांनी ताकीद दिली.

तेव्हा कावड मुंगी घाटानं वर चढली आणि जयराज आण्णांबरोबर जीपनं. घाटाच्या माथ्यावर झाडाच्या सावलीला दोघं बसून राहिले. खालून गजर ऐकू येत होता. त्या उभ्या चढणीवर माणसं महादेवाला हक्कानं एकेरी हाका मारतात. "म्हाद्या, धाव रं! म्हाद्या, वड रं!" आवाज जवळ यायचा, पुन्हा दरीत बुडायचा.

"आण्णा, तुमास्नी वाईट वाटलं का?" जयराजनं विचारलं.

"कशाचं?"

"समद्यांना कळलं त्याचं."

लालासाहेबांनी थोडा विचार केला. "वाटंल म्हनलं हुतं. न्हाई वाटलं. काल लय दिसांनी धा वाजंपतूर झोपलो मी."

तेवढ्यात कड्याच्या कडेवर आधी काठीचं टोक दिसलं, मग घागर, मग घागरीखाली गुंडाचं घामानं भिजलेलं डोकं. त्याच्या मागून सिद्धू, तोंड आंबट करून. कावड सपाटीला आल्यावर गुंडानं जयराजला बघितलं आणि जोरात आरोळी ठोकली,

"खांदा!"

जयराज उठला. देवळापर्यंतची वाट सपाट होती. तो काठीखाली शिरला, गुंडानं दुसऱ्या बाजूनं काठीला हात ठेवला, आणि दोघं चालायला लागले. घागरी जड होत्या. हात थोडे थरथरत होते, ते सगळ्यांना दिसत होते, आणि कुणी त्याबद्दल काही बोलत नव्हतं. गाभाऱ्यात कृष्णेचं पाणी पिंडीवर पडलं तेव्हा त्यातलं बरंचसं जयराजच्या पायावरही सांडलं. बाहेर येता येता सिद्धूनं बनुबाईंच्या पिशवीतून लोणच्याची बरणी हिसकून घेतली, ती त्यानं मग टेंपो सुटेपर्यंत सोडली नाही.

परतीला सगळे टेंपोत बसले. लालासाहेब पुढं ड्रायव्हरशेजारी. मागं रिकाम्या घागरी, भांडी, माणसं, सगळी एकमेकांना रेलून पेंगत होती. बिराप्पाआबा आपली जागा सोडून धक्के खात पुढं आला आणि जयराजच्या शेजारी टेकला. मायणी गेली तेव्हा म्हणाला,

"मंगळवारी जानार न्हवं तू मिरजंला?"

"व्हय, आबा. सकाळच्या गाडीनं."

"त्या बाई... म्हाताऱ्या मानसास्नी बगत्यात का?"

"बगत्यात की. कुनाला दाखवायचंय?"

आबा टेंपोच्या फळीवर नखानं रेघा ओढत होता. "आमच्या कारभारणीला, तुज्या रंगूकाकीला. दिवाळीधरनं उठतच न्हाई ती. जेव म्हनलं तर जेवती, बस म्हनलं तर बसती. बोलत न्हाई. मानसं म्हंत्यात वय झालं. मी बी तसंच म्हंतो, कुनी इचारलं की."

जयराज त्याच्याकडं वळला. भिंतीकडं तोंड करून काढलेले महिने त्याला आठवले, आणि त्या वेळी कुणी काय म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं, याचा तो विचार करत राहिला.

"मी येतो न्यायला तुमास्नी," तो म्हणाला. "काकीला खिडकीजवळची जागा धरू. आन् आबा, काकी काय खाती, काय पीती, कुटली औषधं चालू हाईत, समदं सांगायचं बाईंना. काय बी ठिवायचं न्हाई."

"न्हाई ठेवत," बिराप्पाआबा म्हणाला.